करंगळीशेजारचं बोट

हुपरीत चांदीचं काम करणारा कुणी तुम्हाला सांगू लागला की मी कुणावर जळत नाही, तर त्याच्या हातचं पैंजण विकत घेऊ नका. शेजारच्याचं काम बघून पोटात दुखल्याशिवाय या गावात कुणाचा हात सुधारत नाही. बापूसोच्या पोटात तर सव्वीस वर्षं दुखत होतं, आणि तेही एकाच माणसामुळं. त्या माणसाचं नाव जोतीराम. तो बापूसोच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, खिडकीखाली बसायचा.

दोघं सम्मेदच्या कारखान्यात कामाला. कारखाना म्हणायचा इतकंच. घराच्या मागच्या सोप्यात चार माणसं, चांदीची पट्टी काढायचं एक रोलर मशीन आणि सांधे जोडायचा डाख लावायला गॅसची नळी. सम्मेदच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या अण्णांनी, तिथं एक पद्धत घालून दिली होती. पैंजणाचा डावा पाय एकानं करायचा, उजवा दुसऱ्यानं. "एकानंच दोन्ही पाय केलं की त्यो चुका बी सारख्याच करतोय, मग त्या दिसायच्या कशा?" असं अण्णांचं म्हणणं. तेव्हापासून डावा पाय जोतीरामचा आणि उजवा बापूसोचा. दोन्ही पाय शेजारी ठेवले तर बाहेरच्या माणसाला फरक सापडायचा नाही. पण व्यापारी आला की अण्णा डबीतून नेमका डावा पाय उचलून दाखवायचे, आणि बापूसो मान खाली घालून चिमटा पुसत बसायचा.

बापूसोचं लग्न ठरलं तेव्हा बायकोसाठीचं पैंजणही याच दोघांनी केलं. जोतीरामनं आपल्या वाट्याची मजुरी घेतली नाही. हाही त्याचा एक वाईट गुण, की त्याच्यात वाईट असं काही सापडायचंच नाही. लग्नानंतर महिन्याभरात सुरेखा सहज बोलून गेली, "अवं, ह्ये उजव्या पायातलं साडीला अडकतंय. डाव्याचं काय सुदिक न्हाई." तिला बिचारीला काय माहीत कुणी कुठला पाय केलाय. बापूसो त्या दिवशी जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला, आणि खोटं बोलला असंही नाही.

फरक होता तो कडी मिटण्यात. पैंजण म्हणजे शेवटी शेकडो कड्या. तार वाकवायची, कडीत कडी अडकवायची आणि दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून मिटवायची. बापूसोच्या कडीत एक टोक दुसऱ्यावर केसाएवढं चढायचं. डोळ्याला दिसत नसे, पण अंगठा फिरवला की धार लागायची. जोतीरामची कडी मिटली की तिला तोंड होतं हेच कळायचं नाही. पहिली काही वर्षं बापूसोला वाटलं, याची तार चांगली असणार. त्यानं तार बदलून पाहिली. मग वाटलं चिमटा चांगला, तर त्यानं जोतीरामचा चिमटा दोन दिवस मागून घेतला. जोतीरामनं लगेच दिला. कड्या जशाच्या तशा.

मग तो नुसता बघायला लागला. जोतीरामचा उजवा हात त्याच्या डोळ्यांसमोरच असायचा, आणि एखादी नवी नवरी जशी सवतीकडं बघेल तसा तो त्या हाताकडं बघायचा. सातव्या की आठव्या वर्षी त्याला ते दिसलं. कडी मिटायच्या ऐन आधी, अर्ध्या श्वासाइतकं आधी, जोतीरामचं करंगळीशेजारचं बोट खालून वर यायचं आणि त्याचं नख कडीला मागून टेकायचं. बस्स, इतकंच. त्या टेकूमुळं टोकं घसरायची नाहीत, समोरासमोर येऊन मिटायची. कडी मिटली की बोट परत मुठीत. जोतीरामला कुणी विचारलं तर तो सांगायचा की मी सगळ्यांसारखाच मिटवतो, अंगठा आणि पहिलं बोट. तो लपवत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं, कारण स्वतःचं ते बोट त्याला दिसायचं नाही, पंजाखाली असायचं. दिसायचं फक्त उजवीकडं बसणाऱ्याला.

बापूसोनं हे कुणाला सांगितलं नाही. घरी दार लावून त्यानं वर्षभर ते बोट वळवायचा सराव केला. ते त्याच्यानं झालं नाही. बोट उठायचं तेव्हा पहिलं बोट सैल पडायचं, आणि पहिलं घट्ट धरलं की हे मुडदूस झाल्यासारखं पडून राहायचं. शेवटी त्यानं नाद सोडला, पण बघायचं सोडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी रोलर मशीनमध्ये जोतीरामचा उजवा हात गेला. पट्टी अडकली म्हणून त्यानं बोटानं ढकलली, आणि मशीन बंद होईपर्यंत मनगटाच्या वर चार बोटांपर्यंत काही शिल्लक राहिलं नाही. त्याला गाडीत घालून कोल्हापूरला नेलं तेव्हा त्याचं डोकं बापूसोच्याच मांडीवर होतं. शिरोली येईपर्यंत बापूसो रडला. मग मध्येच, कुणी न बोलावता, एक विचार त्याच्या मनात येऊन बसला: आता कारखान्यात पहिला हात माझा. हे त्यानं आजवर सुरेखालाही सांगितलेलं नाही. पण तो विचार आला होता आणि त्यानं तो हाकललाही नव्हता.

महिन्याभरानं सम्मेदनं त्याला खिडकीखाली बसवलं. जोतीराम कारखान्यात वजनं करायला, माल बांधायला येऊ लागला, डाव्या हातानं. आता दोन्ही पाय बापूसोच करायचा. दोन्ही पायांच्या कड्यांना सारखीच धार असायची, त्यामुळं तक्रार करायलाच कुणाला काही उरलं नाही. थोरले अण्णा वारले होते आणि सम्मेदला वडिलांची बोटं आली नव्हती. बापूसोला ती दोन वर्षं फार गोड गेली. खिडकीतून सकाळचं ऊन थेट चिमट्याच्या टोकावर पडतं, हे त्याला चौपन्नाव्या वर्षी कळलं.

आणि मग वर्षाराणी आली.

ही मुलगी मूळची नेसरीची, कोल्हापुरात एका इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करत होती. तिच्या गटानं एक फीत तयार केली होती. प्लास्टिकचीच म्हणायची, पण कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, आणि तिच्यावर केसाहून बारीक अशा सोन्याच्या रेघा. रेघांच्या टोकाला सोळा बिंदू. ही फीत हाताच्या आत, शिरेभोवती गुंडाळून ठेवायची. रक्ताची शीर नव्हे, मेंदूचा निरोप बोटांपर्यंत नेणारी. हात तुटला तरी निरोप थांबत नाही, तो तुटल्या जागेपर्यंत येतच राहतो. फीत तो निरोप ऐकणार, कॉम्प्युटर त्याचा अर्थ लावणार आणि बाहेरचा यांत्रिक पंजा त्याप्रमाणं हलणार. आधीच्या ताठ तारा शिरेला टोचायच्या, सूज यायची. ही फीत शिरेबरोबर वाकते, म्हणून टिकते. वर्षाराणीला असा माणूस हवा होता ज्याच्या बोटांना बारीक कामाची सवय आहे. हुपरीत विचारलं तेव्हा दहा जणांनी एकच नाव सांगितलं. त्यातलं एकही तोंड बापूसोचं नव्हतं, हे सांगायला नको.

जोतीरामचं ऑपरेशन झालं. दंडाच्या आतल्या बाजूला दोन शिरांवर दोन फिती बसवल्या आणि त्यांच्या तारांचं टोक कातडीतून बाहेर काढलं. नव्वद दिवसांची परवानगी होती. नव्वद दिवसांत कॉम्प्युटर जे शिकेल ते पंजात भरायचं, फिती काढायच्या, आणि निकाल चांगला आला तर त्याच शिकवणीवर कायमच्या बसवायच्या. पेपरात जोतीरामचा फोटो आला. त्याच्या शेजारी बापूसो उभा होता, पण छापताना त्याचं नुसतं कोपर आलं.

सम्मेद त्या दिवशी मोठ्यानं म्हणाला, "जोतीकाका, हात आला की खिडकीखालची जागा तुमचीच. बापूकाका सरकतील की वाईच."

बापूसो हसला. दुसरं करणार काय होता तो.

आता गंमत अशी की कॉम्प्युटरला निरोप ऐकू येतो, पण तो कुठल्या बोटाचा हे त्याला कुणीतरी दाखवावं लागतं. म्हणून वर्षाराणीला जोडीदार हवा होता. त्याच कामातला, दोन्ही हात धड असलेला माणूस. त्यानं उजव्या हातात तारांचा मोजा घालून कडी मिटवायची, आणि जोतीरामनं त्याच क्षणी, नसलेल्या हातानं, मनातल्या मनात तीच कडी मिटवायची. मोजा सांगणार कुठलं बोट हललं, फीत सांगणार निरोप कुठून गेला, आणि कॉम्प्युटर दोन्हींची गाठ मारणार. जोतीरामनं क्षणाचाही विचार न करता बापूसोचं नाव दिलं.

"सव्वीस वरसं माज्या बाजूला बसलाय त्यो," तो म्हणाला. "माजा हात त्येच्यावानी कुनाला ठावं न्हाई."

खरं होतं, आणि म्हणूनच ते बापूसोला झोंबलं. नाही म्हणावं तर गाव थुंकणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मनाशी म्हणत त्यानं मोज्यात हात घातला.

आठवड्यातून तीन दिवस दोघं सकाळच्या बसनं कोल्हापूरला जायचे. प्रयोगशाळेत समोरासमोर टेबल, मध्ये पडदा, पडद्यावर रेघा. काम सराव म्हणून तांब्याच्या जाड तारेवर चालायचं, कडी अंगठीएवढी. वर्षाराणी आकडे मोजायची, तिनावर बापूसो कडी मिटवायचा, आणि समोर जोतीराम डोळे मिटून, थोटा हात टेबलावर ठेवून, कपाळाला आठ्या घालून बसायचा. रेघा उसळायच्या.

"काका, जाणवतंय का?" ती विचारायची.

"हाय की. समदी बोटं हायत. नुस्ती दिसत न्हाईत."

संध्याकाळ होऊ लागली की जोतीराम स्वतःच म्हणायचा, "म्याडम, आवरा आता. बापूला दिवस मावळायच्या आत जेवाय लागतंय, जैनांच्यात तसं आसतंय. बस चुकली तर उपाशी झोपंल ह्यो." एवढी शिरांत तार घातलेली, औषधांनी तोंड कडू झालेलं, आणि याला काळजी दुसऱ्याच्या जेवणाची. बापूसोला अशा वेळी वाटायचं की याचा चांगुलपणाही एखाद्या मशीनमध्ये सापडायला हवा होता. मग स्वतःचीच लाज वाटायची, आणि बसमध्ये तो सुपारी फोडून अर्धी जोतीरामच्या डाव्या हातावर ठेवायचा.

विसाव्या दिवशी वर्षाराणीनं पडदा थांबवला.

"करंगळीकडच्या शिरेवर जी फीत आहे ना, तिचा अकरावा बिंदू बघा," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी कडी मिटायच्या जरा आधी इथं काहीतरी उसळतंय. पण मोज्यात त्या वेळी एकही बोट हललेलं नाही. जोतीकाका, तुम्ही कडी मिटवताना अनामिका वापरता का?"

"कंची?"

"करंगळीशेजारचं बोट."

जोतीरामनं डोळे मिटले, नसलेला हात हवेत फिरवून पाहिला आणि मान हलवली. "न्हाई. आंगठा आन् पयलं बोट. बापू करतोय तसंच. ईचारा की त्येला."

वर्षाराणीनं बापूसोकडं पाहिलं. "बापूकाका, तुम्ही इतकी वर्षं बघितलंय. ते बोट वापरायचे का हे?"

 बापूसो त्या एका उसळीकडं बघत राहिला. हिरवी, बारीक, अर्ध्या श्वासाइतकी आधी. हात मशीननं खाल्ला, जाळला, कुठं पुरला ते आता कुणाला आठवतही नव्हतं, आणि हे बोट अजून कामावर येत होतं. तुटलं तरी बापूसोच्या धड बोटांच्या आधी येत होतं.

"न्हाई," तो म्हणाला. "आमी समदी दोनच बोटांनी मिटवतो."

"मग हा फालतू आवाज असणार. दंड हलताना फीत जरा सरकत असेल. गाळून टाकते."

तिनं दोन बटणं दाबली आणि अकरावा बिंदू पडद्यावरून गेला. बापूसोनं मोजा नीट ओढून घेतला. त्याला आनंद झाला. का लपवा, चांगला भरपूर आनंद झाला, आणि त्या दिवशी बसमध्ये तो जोतीरामशी नेहमीपेक्षा जास्त बोलला. आता पंजा येणार, पण तो पंजा कड्या मिटवणार दोन बोटांनी, सगळ्यांसारख्या. खिडकीखाली दोन वर्षं बसलेल्या माणसाला त्याचं भय नव्हतं.

घरी सुरेखानं ताट वाढताना विचारलं, "जोतीभावजींचं कुठंवर आलंय?"

"चाललंय झ्याक."

"तुमच्यामुळं हात मिळनार बगा त्येस्नी. पुन्य लागंल तुमाला."

ती पाणी आणायला आत वळली तेव्हा उजव्या पायातलं पैंजण साडीच्या काठाला अडकलं. तिनं न बघता, सवयीनं, टाच मागं झटकून ते सोडवलं. सव्वीस वर्षं ती असंच करत असणार. बापूसोनं भाकरीचा तुकडा मोडला आणि कितीतरी वेळ नुसता हातात धरला.

पुढचे दोन महिने बापूसोनं तोंडात मिठाची गुळणी धरून काढले. त्याच्या कड्यांवर पंजा शिकत होता. मोजा त्याचा, बोटं त्याची, वेळ त्याची. सुरुवातीला पंजा नुसता थरथरायचा. मग उघडमीट करू लागला. मग एके दिवशी जोतीरामनं त्या पंजानं चहाचा कप उचलला आणि प्रयोगशाळेतली सगळी माणसं हातातलं काम टाकून जवळ आली. जोतीराम कपाकडं बघत म्हणाला, "लई दिसानं भेटला गड्या," आणि डाव्या हातानं डोळे पुसले. बापूसोनंही पुसले. त्याचं रडणं काही खोटं नव्हतं. एकाच माणसाच्या पोटात दोन्ही मावतं.

शहाऐंशीव्या दिवशी सगळ्यांना दाखवायचं ठरलं. ऑपरेशन केलेले डॉक्टर आले, कॉलेजचे दोन-तीन साहेब आले, आणि सम्मेद स्वतःच्या गाडीतून पेढे घेऊन आला. मोजा आज टेबलाखाली होता. आज बापूसोचं काही काम नव्हतं, तो भिंतीला टेकून उभा होता.

जोतीरामनं तांब्याची कडी पंज्यात धरली. डोळे मिटले. कपाळाला आठ्या पडल्या. पंज्याचा अंगठा आणि पहिलं बोट सावकाश जवळ आलं, कडीची टोकं सरकली, टेकली आणि मिटली. पंजा उघडला, कडी टेबलावर पडून गोल फिरली आणि थांबली.

टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी वर्षाराणीच्या पाठीवर थाप मारली. सम्मेदनं कडी उचलली, तिच्यावरून अंगठा फिरवला, उजेडात धरून पाहिली आणि जाणकारासारखी मान डोलवली.

"ह्यो बगा," तो म्हणाला. "ह्यो आमच्या जोतीकाकांचा हात. आमचं अण्णा आसतं तर डोळं झाकून वळकलं आसतं त्येंनी. त्योच हात परत आला."

कडी हातोहात फिरली. सगळे अंगठा फिरवायचे आणि वा म्हणायचे. फिरत फिरत ती बापूसोपर्यंत आली.

त्यानं अंगठा फिरवला. धार लागली. एक टोक दुसऱ्यावर केसाएवढं चढलेलं.

ती त्याचीच कडी होती. उजव्या पायातली, साडीला अडकणारी. आयुष्यभर ज्या कडीकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही, जी अण्णांनी डबीतून कधी उचलून दाखवली नाही, तीच आज हातोहात फिरत होती आणि लोक तिला जोतीरामची म्हणत होते. बापूसोचं डोकं तापलं. आधी त्याला वाटलं की माझ्या कामाला याचं नाव लागलं म्हणून राग आलाय. पण ते खरं नव्हतं. त्याला राग आला होता तो याचा, की असल्या कामाला जोतीरामचं नाव लावतात. ज्या हातापायी त्यानं अर्धं आयुष्य जाळून घेतलं, सराव केला, चिमटे चोरल्यासारखे मागून आणले, उपाशी झोपला, तो हात एवढाच होता? मग त्याचं जळणं ते कशासाठी? सम्मेदचा अंगठा असा काय बहिरा झालाय, की फरकच कळू नये?

"ह्यो जोत्याचा हात न्हवं," तो म्हणाला.

आवाज हुपरीच्या बाजारातला निघाला. 

"ह्यो माजा हात हाय. ह्येला धार हाय, बगा नीट अंगठा फिरवून. जोत्याच्या कडीला धार नसती. कवाच नव्हती."

"बापू, काय बोलतुयास?" जोतीराम म्हणाला. "आपली दोगांची सारकीच की."

"सारकी कुटली? सव्वीस वरसं सारकी असती तर मी सुखानं जेवलो असतो." तो वर्षाराणीकडं वळला. "मॅडम, तुमचा त्यो अकरावा. काढून टाकलासा न्हवं? त्यो परत आना. त्यो फालतू न्हाई. ते ह्येचं करंगळीशेजारचं बोट हाय. कडी मिटायच्या आदी ह्यो त्येचं नख मागनं टेकवतोय. ह्येला सोताला ठावं न्हाई, पर मला ठावं हाय. मी त्या दिवशी खोटं बोललो."

 सम्मेद पेढ्यांचा पुडा धरून उभा राहिला. वर्षाराणीनं खुर्ची ओढली, जुनी नोंद उघडली आणि अकरावा बिंदू परत पडद्यावर आणला. हजारो कड्या, आणि प्रत्येक कडीच्या आधी तीच बारीक हिरवी उसळी, एकीचीही वेळ चुकलेली नाही.

जोतीराम पडद्याकडं बघत होता. मग त्यानं थोट्या हाताच्या टोकाशी, जिथं ते बोट असायला हवं होतं तिथं, हवेत पाहिलं. कुणी सांगितलं म्हणून घरातलं एखादं माणूस पहिल्यांदा नीट बघावं तसं.

"तुला कवा कळलं ह्ये?" त्यानं विचारलं.

"आटव्या वरसी."

"आन् मला कवाच सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुला कळलं असतं की."

जोतीराम आधी रागावला. त्याच्या मानेची शीर फुगली, आणि पडद्यावरच्या सगळ्या रेघा एकदम उसळल्या, कारण त्यानं नसलेल्या हाताची मूठ वळली होती आणि पंजानंही टेबलावर तशीच वळली. सगळ्यांनी त्या मुठीकडं पाहिलं. बापूसोला वाटलं, आता ही आपल्या तोंडावर बसणार, आणि बसली तर बसू दे. पण मूठ हळूहळू सैल झाली.

"लई जळक्या हाईस रं तू," जोतीराम म्हणाला. "अठरा वरसं एका बोटाकडं बगत बसलास. येवडं तर माज्या बायकूनं बी मला बगितलं न्हाई."

बापूसोनं वाकून टेबलाखालचा मोजा काढला. 

चार दिवस उरले होते. अकरावा बिंदू शिकवायचा तर मोज्यातलं ते बोट हलायला हवं होतं, आणि ते बोट बापूसोचं होतं, जे त्याच्यानं कधी उठलं नव्हतं. वर्षाराणीनं रोज यायला सांगितलं. बापूसोनं कडी हातात घेतली आणि ज्याला स्वतःचं बोट माहीत नव्हतं त्या माणसाला तो ते शिकवू लागला, स्वतःला येत नसताना. "खालनं वर आन. नख टेकव. न्हाई, आदी." जोतीराम डोळे मिटून समोर बसायचा आणि म्हणायचा, "आसं व्हय? ह्ये तर मी करतोयच की." बापूसो दात ओठ खायचा, बोट वळायचं नाही, कडी उडून टेबलाखाली जायची. तिसऱ्या दिवशी दुपारी ते एकदा उठलं. मग शंभरातून दहा वेळा. वर्षाराणी म्हणाली, तेवढं पुरे.

प्रत्येक हालचालीला कॉम्प्युटरमध्ये एक नाव द्यावं लागतं. कप धरणं, मूठ, चिमूट अशी नावं आधी दिलेली होती. या नव्या हालचालीसमोरची चौकट रिकामी होती.

"अनामिका लिहू?" तिनं विचारलं. "की जोतीराम लिहू? त्यांचीच आहे ना ही."

 बापूसोनं मोजा काढता काढता मान वर केली.

"बापूसो घाला," तो म्हणाला. "हुडकली कुनी?"

जोतीराम मोठ्यानं हसला. वर्षाराणीनं त्याच्याकडं पाहिलं, त्यानं मान हलवली, आणि तिनं ते नाव लिहिलं.

पुढं फिती काढल्या, निकाल पाठवला, आणि पाच महिन्यांनी मंजुरी येऊन जोतीरामच्या दंडात कायमच्या फिती बसल्या. चांदीच्या बारीक कड्या अजून त्याला जमत नाहीत, पंजा तेवढा नाजूक झालेला नाही. जाड कड्या तो मिटवतो आणि त्यांना धार नसते. सम्मेदनं खिडकीखालच्या जागेचा विषय काढून पाहिला, पण बापूसोनं ती जागा काही सोडली नाही. जोतीराम आता त्याच्या उजवीकडं बसतो.

महिन्यातून एकदा वर्षाराणी पंजा तपासायला हुपरीला येते. खालच्या पाटावर लॅपटॉप उघडते, यादी लावते आणि एकेक हालचाल करून घेते. मूठ होते. चिमूट होते. मग ती पडद्यावर वाचून म्हणते, "जोतीकाका, आता बापूसो करा."

जोतीराम डोळे मिटतो. पंज्यातलं करंगळीशेजारचं बोट खालून वर येतं. खिडकीखाली बसलेला बापूसो चिमटा खाली ठेवून, पुढं वाकून ते बघत राहतो, आणि ते बरोबर आलं की परत आपल्या कामाला लागतो.